तेवढा रविवार होऊ दे

"रिपोर्ट तो कब का गया अम्मा. तुम्हारे साब लेके गए. बीस दिन हुए," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

हिमायतनगरचं ते नवं खाजगी तपासणी केंद्र होतं. काचेचं दार, थंडगार हवा, हातात टोकन. तीन आठवडे नवरा, एकनाथराव, त्रिवेणीला सांगत होते, "आला नाही अजून. खाजगीवाल्यांचा कारभारच भोंगळ."

"दुसरी कॉपी देओ," त्रिवेणी म्हणाली.

"साब को भेजो ना."

"सुई मेरे को चुभाए थे, साब को नहीं." तिचा आवाज चढला. बाकावरच्या बायकांनी माना वर केल्या. मग कॉपी मिळाली. गाठीतल्या पेशी संशयास्पद आहेत, बायोप्सी ताबडतोब करावी, असं लिहिलं होतं. बावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने परक्यांच्या तातडीच्या बातम्या जोडून दिल्या होत्या आणि तिची बातमी नवरा खिशात घालून हिंडत होता. रिक्षा करून ती तडक घरी आली आणि कागद त्याच्यासमोर धरला.

"रविवारी नांदेडची मंडळी प्रणिताला बघायला यायलेत," एकनाथराव नजर चुकवत म्हणाले. "आईला असलं काही असलं की लेकीलाही होतं म्हणतात लोक. तेवढा रविवार होऊ दे म्हणलं."

"आणि मी मेले असते तर? तेराव्याला सांगणार होतात?"

"हळू बोल. पोरगी ऐकायलीय."

"ऐकू द्या."

तिने स्वतःच फोन करून बायोप्सीसाठी सोमवार ठरवला.

रविवारी मुलगा रितेश आणि त्याचे आईवडील आले. पोहे झाले, चहा झाला. वडील नामदेवरावांनी सहज विचारलं, "घरात सगळ्यांच्या तब्येती बऱ्या ना?"

"एकदम ठणठणीत," एकनाथराव म्हणाले.

"माझी नाही," त्रिवेणी म्हणाली. "उद्या माझी बायोप्सी आहे. स्तनात गाठ आहे."

'स्तन' हा शब्द त्या बैठकीत कधी कोणी उच्चारला नव्हता. नामदेवरावांनी कप खाली ठेवला. एकनाथरावांचा चेहरा पडला. त्रिवेणीला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. कपबशा गोळा करून ती आत गेली.

मागोमाग रितेशची आई, वंदनाबाई, आल्या. नकार सांगायला आल्या असतील, असं त्रिवेणीला वाटलं.

"ती सुईची तपासणी," वंदनाबाईंनी मागे वळून पाहत विचारलं, "लई दुखती का हो?"

"कोणाची करायचीय?"

वंदनाबाईंचा हात पदराखाली गेला. "दोन वर्षं झाली. कोणाला बोलले नाही."

त्रिवेणीने स्वयंपाकघराचं दार लोटलं. "आजची गाडी जाऊ द्या. सकाळी नऊला माझ्यासंगं चला."

बाहेरून नामदेवरावांची हाक आली, "चला, निघायचं आता."

वंदनाबाई जागच्या हलल्या नाहीत.