व्हय सायेब

भिंगारात कुनालाबी इचारा, गनीभाई कसा? तोंडाळ म्हनतील. खरंय. पन ज्या दिशी तोंड उघडायचं हुतं, त्याच दिशी मी मुका झालो.

त्रेचाळीस साल. मी तुरुंगात शिपाई हुतो. तिसगावचा कानिफनाथ आला. तीस वर्षांचा बाप्या, अक्कल चार वर्षांच्या लेकराची. गुन्हा काय? बाजारात चोरानं चोरीच्या बैलाचा कासरा ह्याच्या हातात दिला, "धर जरा" म्हनला आन पळाला. ह्यो आपला धरून हुबा! सांज झाली तरी सोडंना. ठोकले सहा म्हैने.

आत त्याला काईच कळंना. मोजनीच्या टायमाला "बस" म्हनलं तर हुबाच, आन मग रट्टे. मला बघवंना. मी सोता त्याच्याम्होरं उठाबशा काढल्या. मी बसलो की तो बसायचा. "आन सायबानं काईबी इचारलं," मी बजावलं, "तरी 'व्हय सायेब' म्हनायचं. म्हन!" पंधरा दिस लागले शिकायला. बरोबर म्हनला की मी मान हलवायचो, आन गडी लाजून हसायचा. मार थांबला. चांगल्या वागन्याबद्दल शिक्षेत पंधरा दिसांची सूट बी मिळाली.

सुटकेच्या आदल्या दिशी अचानक झडती आली. माझ्या खिशात तंबाखूची पुडी. कैद्यांना चोरून इकायचो, खोटं कशाला बोलू? हाताशी कानिफची घोंगडी हुती, तिच्यात खुपसली. वाटलं, ह्या खुळ्याला कोन इचारतंय? मेलं नशीब, सायबानं नेमकी तीच झटकली.

"ही तुझी?"

"व्हय सायेब."

आन माझ्याकडं बघितलं, बरोबर म्हनलो का म्हून. घरात चार लेकरं, नोकरी गेली तर खायचं काय? मी मान हलवली.

सूट गेली. दुसऱ्या दिशी त्याची आई, बायडाबाई, नवा सदरा घेऊन दाराशी हुबी. तिसगावहून चालत आल्ती. "पंधरा दिसांनी ये, माय," मी म्हनलो.

"एवढी वाट पुन्यांदा न्हाई व्हायची बाबा माझ्यानं. एकडाव दावा तरी त्याला."

भेटीचा वार नव्हता. सदरा माझ्या हातात देऊन ती गेली.

पंधरा दिसांनी मीच कानिफला तो सदरा घालून तिसगावला नेला. तिला जाऊन तीन दिस झाले हुते. कुलूप लावलेल्या दाराशी ह्यो हाका मारत बसला. मी त्याला घरी आनला. माझी बायकू मुबारकबी त्याला पोटच्या पोरावानी जेवू घालते. त्या पुडीचं तिला अजून म्हाईत न्हाई.

सहा वर्षं झाली. आज पुन्यांदा इचारलं, "कानिफ, मला माफ केलंस का रं?"

"व्हय सायेब."

"न्हाई ना केलंस?"

"व्हय सायेब," म्हनला, आन मी मान हलवायची वाट बघत हसत बसला.