भिंत घालण्यापूर्वी

वडिलांच्या माघारी दोघे भाऊ शिंप्याचे दुकान चालवीत. थोरला कापड बेतायचा, धाकटा शिवायचा. पुढे दोघांत बिनसले, बोलणे तुटले, आणि धाकट्याने दावा लावला: मधोमध भिंत घालून दुकानाची निम्मी जागा मिळावी. ती भिंत नेमकी बेतण्याच्या लांब टेबलावरून जाणार होती. आणि अर्ध्या टेबलावर कोट काय, उशीचा अभ्राही धड बेतता येत नाही. हे दोघांनाही कळत होते. परंतु हट्टाला पेटलेला माणूस आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायला मागेपुढे पाहत नाही.

न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीसाठी पाठवले. थोरला गेला तो कपाळाला आठ्या घालूनच. मध्यस्थ म्हणजे एक उतारवयाच्या वकीलबाई. इथले बोलणे इथेच राहील, आणि पटले नाही तर न्यायालयाचे दार उघडेच आहे, असे त्यांनी आधीच सांगून टाकले.

"बाई, दुकान मी सांभाळलं," थोरला म्हणाला. "याला काय हवंय ते यालाच ठाऊक नाही."

"मग तुम्ही सांगा. आता तुम्हीच यांचे वकील. यांचं समाधान होईपर्यंत यांची बाजू मांडा."

थोरला हसला, पण नेमकेपणा त्याच्या हाडीमाशी खिळलेला. पाटीवर आपल्या एकट्याचेच नाव आहे, गिऱ्हाइकांशी आपणच बोलतो, धाकट्याची बायको आजारी असताना त्याने मागितलेल्या सुट्टीलाही आपण कुरकुर केली, असे एकेक तो सांगत गेला. दाव्यात जे वाचून त्याचे रक्त तापत असे, ते स्वतःच्या तोंडून निघताना त्याचा आवाज खाली येत गेला.

"झालं?" बाईंनी धाकट्याला विचारले.

"एक राहिलं. दादा, इतक्या वर्षांत तू मला एकदाही कापडाला कात्री लावू दिली नाहीस."

"अरे, मग हे दाव्यात का नाही लिहिलंस?"

"काय लिहू? साहेब, दादाला कात्री द्यायला सांगा?"

थोरल्याला हसू फुटले, आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. जन्मभर मापे घेणाऱ्या त्याने सख्ख्या भावाला मात्र न मोजताच कमी बेतले होते!

मग बाईंनी धाकट्यालाही तीच शिक्षा दिली. वडील गेले तेव्हा एक कोट बिघडला असता तरी गिऱ्हाईक तुटले असते, त्या धास्तीने दादाच्या हातून कात्री सुटेना, हे त्याला स्वतःलाच सांगावे लागले.

भिंत रद्द झाली. पाटीवर दोन नावे लागणार आणि कोट धाकटा बेतणार, असे ठरले.

"आणि मी?" थोरल्याने विचारले.

"तू काजं-बटणं कर. पण जरा घट्ट. मागं तू लावलेलं बटण गिऱ्हाइकाच्या हातात आलं होतं."

बाईंनी हसत हसतच करारनामा लिहिला. त्यावर दोघांच्या सह्या झाल्या, पुढे न्यायालयाची मोहोरही उमटली.

वाचकहो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण अर्धीच खरी आहे. जिथे बळजोरी आहे, तिथे ती पायरी अवश्य चढावी. परंतु न्यायालय मागितलेलेच देऊ शकते. आणि भांडणारा माणूस मागतो एक, त्याचे दुखते भलतेच. निकाल न देता ते दुखणे बोलके करणाऱ्या त्या बाईंची थोरवी यातच आहे. म्हणून वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी प्रतिपक्षाची बाजू त्याला पटेल अशी एकदा मांडून पाहावी. मांडता आली, तर निम्मा वाद तिथेच सरतो. न आली, तर आपण कशासाठी भांडतो आहोत हेच आपल्याला अजून कळलेले नाही.