सख्याशास्त्राचे विद्यार्थी

कॉलेजच्या माहितीपत्रकात चूक दिसली की माझा पारा चढतो. पदव्या मिरवणारे पण 'भौतिक'ला दुसरी वेलांटी देणारे महाभाग मी याच डोळ्यांनी पाहिलेत. त्यांचं सगळं निस्तरून पदवीच्या अठरा विषयांची यादी छापायला धाडते ती मी, कार्यालयातली मुख्य कारकून. म्हणूनच यंदा माझं नाक कापलं गेलं.

'संख्याशास्त्र'वरचं टिंब राहिलं. 'सख्याशास्त्र' छापून आलं.

आणि तो विषय कुणाचा? आमच्या ह्यांचा! एकोणीस वर्षं हे तोच शिकवतायत. प्राचार्यांनी आधीच बजावलं होतं, यंदा पहिल्या वर्षाला पंधरा विद्यार्थी झाले नाहीत तर विषय बंद. मग ह्यांची रवानगी परीक्षा विभागात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला. मागच्या वर्षी नऊच होते.

यंदा पंचवीस अर्ज आले. मी हरखले. मग खिडकीशी एका मुलीने विचारलं, "मॅडम, सख्याशास्त्रात मैत्री कशी करायची ते शिकवतात ना?" मी माहितीपत्रक उघडलं आणि मला घाम फुटला.

स्टाफरूममध्ये हशा पिकला. इतिहासाचे सर म्हणाले, "वहिनी, नवऱ्यासाठी बरोब्बर गळ टाकलात!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुद्दाम? मी?

"अहो, शुक्रवारपर्यंतच विषय बदलता येतो," घरी मी ह्यांना विनवलं. "तोवर जरा गप्प बसा."

"अगं, फसून आलेल्या पोरांना मी शिकवणार नाही," हे म्हणाले. एरवी भाजीत मीठ जास्त पडलं तरी तोंड उघडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी फळ्यावर विषयाचं खरं नाव लिहिलं. म्हणाले, "जायचं त्याने खुशाल जावं. पण आलाच आहात तर एक काम करा. पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाला विचारा, इथे आल्यापासून किती मित्र झाले. मित्र कसे करायचे ते मला ठाऊक नाही. मोजायचे कसे ते सांगतो."

मुलांनी वह्या घेऊन कॅन्टीन, ग्रंथालय, प्रयोगशाळा पालथी घातली. फळ्यावर शून्यांची रांग लागली. हे घरी येऊन त्या शून्यांबद्दलच बोलत बसायचे, ताटातलं निवून जायचं. लग्नापासून मी ह्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटायचं.

तरीही शुक्रवारी दुपारपर्यंत विषयबदलाचे अकरा अर्ज आलेच. प्रत्येकावर मीच शिक्का मारला. पंचविसांतून अकरा गेले, राहिले चौदा. पावणेपाचला हे खिडकीशी येऊन उभे राहिले. माझा चेहरा बघून काय ते समजले.

पाचला पाच कमी असताना एक मुलगी धापा टाकत आली. हातात विषयबदलाचा अर्ज.

"या, बाराव्या!" मी फणकारले आणि अर्ज ओढून घेतला. वाचला, पुन्हा वाचला. रसायनशास्त्र सोडून संख्याशास्त्र.

"इथे मैत्री शिकवत नाहीत, ठाऊक आहे ना गं?"

"ठाऊक आहे. परवा त्या वर्गातली एक मुलगी विचारायला आली, किती मैत्रिणी झाल्या. मी म्हटलं, एकही नाही. तिने शून्य लिहिलं, माझ्याकडे बघितलं आणि खोडून एक केलं. म्हणाली, मला धर." मुलगी लाजून हसली. "मला तिच्या शेजारी बसायचंय."

मी शिक्का असा आपटला की दौत हलली. डोळ्यांत पाणी आलं होतं, येऊ दिलं.

हे मात्र कपाळाला आठ्या घालून उभे. "म्हणजे मग त्या दुसरीचाही एक वाढला की! अगं, तक्ता चुकलाय आमचा!" असं म्हणत हे वर्गाकडे जवळजवळ पळतच सुटले.

"अहो, पंधरा झाले!" मी खिडकीतून ओरडले. ह्यांना ऐकायला फुरसत कुठे होती?