मनिषाच्या हाताची बाधा

शनिवारी सकाळी अकरा वाजता कशेळीच्या एका गोदामात ट्रक तसाच भरलेला उभा होता आणि पन्नास-साठ माणसं माल उतरवायचं सोडून एका पाटाभोवती दाटीवाटीने उभी होती. पाटावर लाल कापड, कापडावर अक्षता आणि अक्षतांवर गोदामाचा लॅपटॉप. वहीएवढा पातळ, वजनाला जेमतेम दोन नारळांइतका. पलीकडे डोळे मिटून सिग्नलबाबा बसले होते.

बाबांनी उजवा हात लॅपटॉपवरून फिरवला. पडदा काळा झाला. हात उचलला. पडदा उजळला.

"अरे बाप रे!" मागून एक हमाल म्हणाला.

"हे यंत्र नाही बाळांनो," बाबा म्हणाले, "हे लक्ष्मीचं वाहन आहे. पूर्वी बाधा घरात शिरायची. आता घरात जागा उरली नाही, म्हणून ती वायफायने येते!"

माना डोलल्या. बाबांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पूर्वी ते कल्याणला मोबाईलची कव्हरं विकायचे, असं एका ड्रायव्हरने सांगितलं होतं. तो ड्रायव्हर आज सगळ्यांत पुढे हात जोडून उभा होता.

गर्दीच्या कडेला मनिषा उभी होती. हा सगळा खटाटोप तिच्यावरून चालला होता, हे तिला चांगलंच माहीत होतं.

शेलारजवळच्या पाड्यावरून ऑफिसच्या नोकरीला लागलेली ती पहिली मुलगी. काम टॅलीचं. ट्रकमधून उतरणारी खोकी मोजायची आणि नोंद करायची. आधी हे कागदावर चालायचं. दिवाळीत मालक हरेशशेठ यांनी एकाच कंपनीचे बारा हलके लॅपटॉप आणले आणि पंचाईत झाली. मनिषाच्या हातातला लॅपटॉप दिवसातून चारदा मरायचा. तोच शेजारच्या कुमारच्या टेबलावर ठेवला की संध्याकाळपर्यंत मुकाट चालायचा. कुमारने आपला लॅपटॉप तिला दिला, तर तोही तिच्या हातात गेला. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "बंद करून चालू करा." तो आपणहून बंद पडतो, हीच तर तक्रार होती. मग शेठनी बाबांना बोलावलं.

"पोरी, पुढे ये," बाबा म्हणाले. "रोज धरतेस तसा धर."

मनिषाने लॅपटॉप उचलला, डाव्या हातावर घेतला. मनातल्या मनात ती म्हणत होती, आजच्या दिवस चाल रे, आजच्या दिवस. दहा आकडे टाईप झाले आणि पडदा गेला.

बाबांनी तो तिच्याकडून घेतला, पाटावर ठेवला, वर लाल कापड पांघरलं, आत हात घालून काहीतरी पुटपुटले. कापड काढलं, तर लॅपटॉप चालू. चालू करायचं बटण कापडाखाली कुणी दाबलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

"मशीन तेच," बाबा गर्दीकडे वळले. "हात बदलला की मरतं. मग दोष कुणात?"

गर्दीत कुणीतरी हळूच म्हणालं, "भुताळी असंल."

हरेशशेठ घसा खाकरून म्हणाले, "मनिषा, तू सोमवारी ये. तेव्हा बाबा सगळ्या मशीनना कवच लावतील. मग बघू, तुला ठेवायचं की नाय ते."

ती पाड्यावर पोचायच्या आत बातमी पोचली होती. त्याच पाड्यावरचा राघो गोदामात हमाली करायचा, त्याच्या पोटात काही राहत नसे. नळावर बायकांनी आपापले हंडे बाजूला ओढून घेतले. तिची आई गंगू घरात पाठ फिरवून रडत होती. मनिषाच्या शेवंता आत्याला असंच, पोरांना ताप आला म्हणून, भुताळी ठरवून पाड्याबाहेर काढलं होतं. वीस वर्षं झाली, आत्या अजून ओढ्यापलीकडे एकटी राहते.

"तुझ्या हाताला खरंच काय हाय का गं?" गंगूने विचारलं.

"न्हाय आये," मनिषा म्हणाली. पण रात्री जेवताना ती स्वतःच्याच हाताकडे बघत राहिली. ही गोष्ट सांगताना मला याचाच सगळ्यांत जास्त राग येतो. बाबाने पोरीची नोकरी घालवायला काढली ती काढलीच, वर तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वासही नेला.

रविवारी ती धामणकर नाक्यावर धम्मदिना टीचरच्या दुकानात गेली. मनिषा कॉम्प्युटर शिकली ती यांच्याच क्लासमध्ये. आता क्लास माडीवर चालायचा आणि खाली लॅपटॉप दुरुस्ती. टीचर एका उघड्या लॅपटॉपचे बारीक स्क्रू काढून लोहचुंबकाच्या चकतीवर ठेवत होत्या, म्हणजे ते हरवत नाहीत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबाच्या हातात अंगठी होती?"

"होती. जाडजूड, काळ्या खड्याची."

टीचरनी स्क्रू झटकून चकती शेजारच्या एका चालू लॅपटॉपच्या कडेवरून फिरवली. पडदा काळा. चकती उचलली, पडदा उजळला. मनिषाचं तोंड उघडंच राहिलं.

"झाकणात बारीक चुंबक असतो. झाकण मिटलं की तो खालच्या भागाजवळ येतो आणि मशीन झोपतं. खड्याखाली चुंबक लपवला की झाकण न मिटताही मशीनला तसंच वाटतं. झाला चमत्कार." टीचरनी एक जुनं परीक्षेचं पॅड तिच्यापुढे सरकवलं. "आता तुझं बघू. तू तो कसा धरतेस?"

मनिषाने टॅलीचं पॅड धरतात तसं ते धरलं. एक कड कमरेला टेकवलेली, समोरचा कोपरा डाव्या मुठीत आवळलेला. गोदामात टॅली करणारा प्रत्येक माणूस वर्षानुवर्षं पॅड असंच धरत आला होता. लॅपटॉप पॅडएवढाच हलका, मग तोही तसाच धरला जाणार. बाकीचे आता टेबलाशी बसून काम करत, ट्रकपाशी उभं राहून टॅली करणारी ती एकटीच होती.

टीचर खो खो हसत सुटल्या. "अगं, बाधा तुझ्या हाताला नाही, लॅपटॉपच्या कमरेला आहे!"

सोमवारी बाबा तांब्याच्या पत्र्याची कवचं घेऊन हजर झाले. त्यांच्या पाठोपाठ मनिषा आणि टीचर.

"शेठ," टीचर म्हणाल्या, "कवच लावण्याआधी दोन मिनिटं द्या. बाधा मनिषाच्या हातात आहे ना? मग तुम्ही धरा. पॅडसारखा. घट्ट."

हरेशशेठनी कड पोटाला टेकवली, कोपरा आवळला. पडदा गेला.

गर्दीत खसखस पिकली. "शेठको भी लग गया क्या?" एक हमाल म्हणाला. शेठनी लॅपटॉप असा खाली ठेवला, जणू चटका बसला.

"ब... बाधा पसरली आहे!" बाबा ओरडले.

"मग आता तुम्ही धरा, महाराज. तुम्हाला काय होणार?" टीचरनी पुन्हा चालू केलेला लॅपटॉप त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या मुठीवर आपला हात ठेवून कोपरा दाबला. पडदा पुन्हा गेला. "अरेरे!" टीचर म्हणाल्या. "महाराज, अंगठी छान आहे हां." आणि त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर अंगठीजवळ नेला. टक्! स्क्रूड्रायव्हर बाबांच्या बोटाला चिकटून लोंबू लागला.

हशा आधी हमालांमध्ये फुटला, मग सगळीकडे. बाबा बोट झटकत राहिले. स्क्रूड्रायव्हर भक्तिभावाने चिकटून राहिला.

मग टीचरनी पिशवीतून दुसरा स्क्रूड्रायव्हर काढला आणि लॅपटॉप पालथा करून उघडला. "ही बॅटरीची जोडणी. वजन कमी करायला मशीन इतकं पातळ केलंय, की कोपऱ्यात धरलं की वाकतं. केसभर वाकलं तरी ही जोडणी सुटते. पाटावर सपाट ठेवलं की सरळ होते, मग बटण दाबलं की चालू. बाराच्या बारा असेच आहेत. कवच लावू नका. कंपनीला परत पाठवा."

बाबा कवचं तिथेच टाकून सटकले. जाताना स्क्रूड्रायव्हरही घेऊन गेले.

हरेशशेठ हळू आवाजात म्हणाले, "जाऊ दे मनिषा, झालं गेलं विसर. कामाला लाग."

"शेठ, मी इसरंन," मनिषा म्हणाली. "पण पाडा न्हाय इसरनार. हा लॅपटॉप मला एक दिवस द्या. आनि तुमी पन चला."

संध्याकाळी पाच वाजता हरेशशेठ पाड्याच्या नळापाशी उभे होते, टीचरही आल्या होत्या. बायका, म्हातारे, पोरं गोळा झाली. शेठ मान खाली घालून म्हणाले, "मशीन खराब होतं. पोरीचं काय चुकलं नव्हतं."

"असं तोंडानं न्हाय चालनार," मनिषा म्हणाली. तिने लॅपटॉप आधी राघोच्या हातात दिला आणि कसा धरायचा ते दाखवलं. बंद. मग नळावर हंडा ओढून घेणाऱ्या बाईच्या हातात. बंद. पोरं रांग लावून उभी राहिली, प्रत्येकाला तो मारून बघायचा होता. शेवटी गंगूने धरला, तिच्याही हातात मेला. तशी ती तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

"म्हंजे सगळ्या पाड्याचं हात सारखंच हाईत!"

"ऐका," टीचर म्हणाल्या. "एखादी वस्तू बिघडली तर ती वस्तू उघडून बघा. पोराला ताप आला तर डॉक्टरकडे न्या. एका बाईकडे बोट दाखवलं की शोधायचं काम संपतं, आणि दोष आहे तिथंच राहतो. शिवाय कुणाला भुताळी ठरवणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवा."

मनिषाने लॅपटॉप काखेत मारला.

"कुठं चाललीस?" गंगूने विचारलं.

"ओढ्यापल्याड," मनिषा म्हणाली. "आत्यानं अजून धरला न्हाय. आनि तुमी बी सगळी चला. तिला पाड्याबाहेर काढताना समदी गेली व्हती ना?"

मग नळावरच्या त्या बाईने आपला भरलेला हंडा खाली ठेवला आणि मनिषाच्या मागे चालू लागली.