लॉर्डसाहेब आरोपीच्या पिंजऱ्यात

कुणाचा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नसता, पण ज्यूरीच्या बाकावर मी स्वतः होतो. एफी, आधी माझा ग्लास भर. गोष्ट तुझ्याच नवऱ्याची आहे.

एबेनीझर पर्डी हा आमच्या पाववाल्याचा पोरगा. आवाज असा, की हा ओरडला की ट्वीड नदीपलीकडच्या मेंढ्या घाबरून अलीकडे यायच्या. त्या आवाजावर गडी वकील झाला, पार्लमेंटात गेला आणि सॅमन माशाचा कायदा करून बसला: बंदीच्या दिवसांत ज्याच्या हातात, घरात किंवा पोटात सॅमन सापडेल, त्याला सहा महिने आत. 'पोटात' हे त्याचं स्वतःचं डोकं. पुढे तो सरकारचा सगळ्यात मोठा वकील झाला. न्यायाधीशाची जागा रिकामी पडली की नाव सुचवायचं काम त्याचंच. त्याने सगळा देश धुंडाळला आणि स्वतःचं नाव सुचवलं! अख्खं एडिंबरा आ वासून बघत राहिलं.

नोव्हेंबरात, ऐन सॅमनबंदीत, हे नवे न्यायाधीश, म्हणजे आता लॉर्डसाहेब, फिरतं कोर्ट घेऊन आमच्या जेडबरा गावी आले. पुढे बिगूल, मागे घोडेस्वार. रिवाजाप्रमाणे नगराध्यक्षांनी जेवण दिलं. दुसऱ्या दिवशी पहिलाच आरोपी आमचा वॉटी टेट. शनिवारी त्याचं या एफीशी लग्न, आणि पंगतीसाठी पठ्ठ्याने नदीतून सॅमन उचललेला.

"मासा कुठाय?" साहेब गरजले.

हवालदाराने घाम पुसला. "साहेब, पुरावा नगराध्यक्षांच्या कोठीत गारव्याला ठेवला होता."

"मग आणा की!"

"आणला होता, साहेब. काल. ताटात. आपण दोनदा मागून घेतलात."

साहेबांच्या टोपातला घोड्याचा केस न् केस उभा राहिला. मग ते खाली उतरले आणि, आईशपथ, वॉटीशेजारी पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले.

वॉटी म्हणतो, "जरा सरका की, साहेब. मी आधी आलोय."

आम्ही ज्यूरीतले पंधराही जण पांढरेफटक. दोषी म्हणावं तर लॉर्डसाहेब तुरुंगात, निर्दोष म्हणावं तर साहेबांच्या दातात काटा दिसतोय! पण आपल्या स्कॉटलंडात देवाच्या कृपेने तिसरा निकाल आहे. मी उठलो आणि म्हणालो, "सिद्ध झालं नाही!" म्हणजे काय, तर घरी जा आणि पुन्हा करू नका. दोघंही सुटले. शनिवारी लग्न लागलं, आणि लॉर्डसाहेब लाल झगा खोचून असे नाचले, असे नाचले...

एफीने ग्लास टेबलावर आपटला.

"थापाड्या डँडी! शनिवारी? मग हिवाळाभर जेडबराच्या तुरुंगात मी ओटच्या भाकऱ्या कुणाला पोचवत होते, तुझ्या लॉर्डाला? वॉटी सुटला मे महिन्यात, आणि मेचं लग्न लाभत नाही म्हणून मी जूनपर्यंत थांबले!"