पलंगाच्या दांडीवरचं झबलं

सुमनबाईंचं गर्भाशय नांदेडला काढलं तेव्हा मूत्राशयालाही चीर गेली. ती शिवून डॉक्टरांनी दोन आठवड्यांसाठी लघवीची नळी ठेवली आणि त्यांना कंधारला घरी धाडलं. सून लुंबिनीला बजावलं होतं, पाणी भरपूर पाजायचं, नळीची पिशवी कायम कमरेच्या खाली टांगायची. लघवी तुंबली तर टाके उसवतील, मग जन्मभर गळत राहील.

पण सासूचं आणि तिचं लग्नापासून वाकडं. नळी पुसायला लुंबिनी जवळ गेली की सुमनबाई तोंड भिंतीकडं फिरवायच्या, जनावर धुती का माणूस, असं पुटपुटायच्या. पिशवी भरू नये म्हणून पाणीही टाळायच्या.

त्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ. बिस्किटांचा पुडा ठेवायचा, पलंगाशी बसायचं, आजार मुळापासून ऐकायचा. चौथ्या दिवशी सकाळी सुमनबाईंची धाकटी जाऊ भीमाबाई गल्लीतल्या दोघींना घेऊन आली, ती तासभर हलली नाही. चहाचे कप उचलताना लुंबिनीनं पाहिलं, पलंगाच्या दांडीला पिशवी नाही. सासूच्या कपाळावर घाम.

तिनं वाकळ वर केली. पिशवी गादीवर मांडीपाशी लपवलेली, नळी दुमडलेली, ओटीपोट टम्म. बायांना तिनं सरळ उठवलं. नळी सोडवून पिशवी खाली धरली, तसा सुमनबाईंचा श्वास सुटला, आणि मागोमाग तोंडही.

"चार बायांत माझं मूत दाखवायचं व्हतं तुला."

"टाके उसवले तर गाव रोज बघंल. मला धुवायला काय, मी धुईन. गळत तुम्ही बसाल."

 लुंबिनीनं पिशवी दांडीला टांगली आणि आपल्या तान्ह्या लेकीची ओलसर झबली, दुपटी त्याच दांडीवर पसरली. पिशवी दिसेनाशी झाली. तिनं सांगितलं नाही, सासूनं विचारलं नाही.

संध्याकाळी भीमाबाई पुन्हा टपकली. बोलता बोलता मान वाकडी करून पलंगाखाली पाहू लागली. वाकळीतून सुमनबाईंचा हात बाहेर आला, पिशवीच्या दिशेनं गेला. लुंबिनी पाण्याचा तांब्या घेऊन जागीच थबकली. हात एका झबल्यावर थांबला. त्यांनी ते ओढून पिशवीवर नीट केलं.

"बघ की भीमा, पोरीचे कपडे पलंगावर वाळवून राहिली. हिच्या मायनं हिला दोरी दावलीच न्हाई."

लुंबिनीनं ऐकून घेतलं आणि तांब्या पुढं केला. तिच्याकडं न बघता सुमनबाईंनी तो रिकामा केला.