जावेच्या झोपमोडीसाठी वाचलेलं बायबल

शिंपिणीची आईकडून आलेली कात्री धाकट्या जावेने पळवली आणि वर साळसूदपणे म्हणाली, "मी नाही बाई पाहिली!" शिंपिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सूड म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदाच बायबल वाचायला बसली. रोज पहाटे, दोघींच्या खोल्यांमधल्या पातळ भिंतीला टेकून, असं खणखणीत की भिंतीवरची पाल बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गल्लीत गेली.

जावेच्या झोपेचं खोबरं झालं, पण तिला त्यातल्या एका गोष्टीची चटक लागली. भावांनी विकलेला पोरगा मोठा अधिकारी झाला, तेच भाऊ धान्य मागत त्याच्यापुढे आले, आणि शिंपिणीने मुद्दाम तिथेच पुस्तक मिटलं.

"अहो जाऊबाई, पुढे काय केलं त्याने?" भिंतीपलीकडून जाऊ ओरडली.

"आधी कात्री आण. त्याने भावांचं जे केलं, तेच तुझं करते!" निदान फटके तरी असणारच, अशी शिंपिणीला खात्री होती.

जाऊ घाबरत कात्री घेऊन आली. शिंपिणीने पुढचं वाचलं आणि तिचं तोंडच उतरलं. त्याने रडत रडत भावांना मिठ्या मारल्या होत्या!

आता शब्द तर दिलेला. शिंपिणीने दातओठ खात जावेला अशी आवळली, की बरगड्यांचा कडकडाट चौकापर्यंत गेला.

"सोडा हो, मेले!"

"गप उभी राहा. त्याला अकरा भाऊ होते, अजून दहा मिठ्या राहिल्यात!"